योगाची डायरी: पहिल्या पानापासून कशी लिहायची

माझी कंबर जवळजवळ दीड महिना दुखत होती आणि कारण काही केल्या सापडत नव्हतं. कधी दुखायची, कधी अजिबात नाही, आणि मी रोज नवीन अंदाज बांधायचे, आज भुजंगासन जास्त झालं असेल, आज गादी मऊ होती म्हणून असेल, असं काहीतरी. तेव्हा मी नुकतीच वहीत दोन-चार ओळी लिहायला लागले होते. एके दिवशी सहज मागची पानं चाळली तर कंबर हा शब्द नऊ वेळा आला होता आणि त्यातल्या आठ वेळा वरती वेळ लिहिलेली होती ती उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आतली. म्हणजे ज्या दिवशी डोळे चोळत उठून थेट मॅटवर गेले आणि पहिलंच पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन केलं, त्याच दिवशी दुखलं होतं. संध्याकाळी तेच आसन केलं तर काहीच नाही.

नंतर कळलं की यामागे साधं शरीरशास्त्र आहे. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून घेतात आणि फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीसुद्धा साधारण एक-दोन सेंटीमीटर जास्त भरते, आणि अशा फुगलेल्या गादीवर पुढे वाकलं की ताण जास्त येतो. उठून तासभर चाललं-फिरलं की त्यातलं बरंचसं पाणी कमी होतं. मी पुढे वाकायची आसनं शेवटी ढकलली, आधी थोडं चालणं, मार्जारासन, उभ्याची आसनं, आणि कंबर गप्प झाली.

हे मला आठवणीच्या भरवशावर कधीच कळलं नसतं. आपल्याला आठवतं ते फक्त काल-परवाचं आणि जे जास्त दुखलं किंवा जास्त छान वाटलं ते, बाकी सगळं पुसलं जातं. म्हणून नवीन योगा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आसनं दोन कमी केलीत तरी चालेल पण लिहा. कसं लिहायचं ते खाली क्रमाने सांगते.

आधी वही निवडा, पण त्यात दिवस घालवू नका

कागद की मोबाईल, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत कागदाच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण एकच, शवासनातून उठून मोबाईल हातात घेतला की नोटिफिकेशन दिसतात आणि जे पाच मिनिटांपूर्वी अंगात जाणवत होतं ते गेलंच म्हणून समजा. पण ज्यांना हाताने लिहायचा खरंच कंटाळा आहे त्यांनी फोन एअरप्लेन मोडवर टाकून एक मिनिटाची व्हॉइस नोट करावी, फक्त महिन्याच्या शेवटी ती सगळी ऐकायला बसावं लागेल हे लक्षात घ्या, आणि ऐकायला वाचण्यापेक्षा खूप वेळ लागतो. वही साधी चालते, एका दिवसाला अर्धं पान पुरतं. पेन वहीलाच अडकवून ठेवा आणि वही मॅटच्या शेजारी, कपाटात नाही. पेन शोधायला उठावं लागलं की चौथ्या दिवशी लिहिणं बंद होतं.

पहिलं पान: आज मी कुठे आहे

आसनं सुरू करायच्या आधी एक पान भरा. यात आधी तब्येत, जुनी दुखापत, ऑपरेशन, बीपी, काचबिंदू, हर्निया, मणक्याचा त्रास, गरोदरपण, चालू असलेली औषधं, जे असेल ते. हे तुमच्यासाठी तर आहेच पण क्लासला जात असाल तर शिक्षकांना दाखवायला पण आहे, कारण तोंडी सांगताना नेमकी महत्त्वाची गोष्ट विसरते.

मग चार गोष्टी मोजून लिहा.

एक, वृक्षासनात उजव्या पायावर किती श्वास उभं राहता येतं आणि डाव्या पायावर किती, दोन्ही वेगळं. दोन, साधी मांडी घालून न हलता किती मिनिटं बसता येतं, म्हणजे पहिल्यांदा पाय हलवावासा वाटला ती वेळ. तीन, उभं राहून पुढे वाकल्यावर गुडघे न वाकवता हात कुठे पोचतात, गुडघा, नडगी, घोटा की जमीन. चार, शांत बसलेलं असताना मिनिटाला किती श्वास. हे शेवटचं घरातल्या कोणाला तरी तुमच्या नकळत मोजायला सांगा, कारण आपण स्वतः मोजायला लागलो की श्वास लगेच बदलतो. मोठ्या माणसाचे आरामात साधारण १२ ते २० असतात.

हे आकडे कोणाशी तुलना करायला नाहीत. तीन महिन्यांनी परत हेच चार मोजायचे, तेवढ्यासाठी आहेत.

आणि पानाच्या खाली एका वाक्यात, मी योगा का सुरू करतेय किंवा करतोय. खरं कारण लिहा. झोप लागत नाही, पाठ दुखते, डॉक्टरांनी सांगितलं, खूप चिडचिड होते, काहीही असू दे. चांगलं वाटावं म्हणून मोठं कारण लिहू नका, वही दुसरं कोणी वाचणार नाहीये.

लिहायचं कधी

शवासनानंतर. उठून बसा, दोन-तीन मिनिटं नुसतं बसा, आणि मग वही घ्या. लगेच उडी मारून लिहायला गेलात तर शवासनाचा उपयोग गेला आणि दुपारी लिहू म्हणालात तर काही आठवणार नाही, जे आठवेल ते "छान झालं" एवढंच असेल.

इथे एक गोष्ट जपा, नवीन लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं हे होतं आणि माझंही महिनाभर होत होतं. आसनात असतानाच मनात वाक्य तयार व्हायला लागतं. त्रिकोणासनात उभे आहात आणि डोक्यात चालू आहे की "आज खांदा मोकळा वाटला असं लिहीन". म्हणजे आसन राहिलं बाजूला आणि आपण आत्ताच वही लिहीत बसलोय. असं होतंय हे लक्षात आलं की श्वासाकडे परत या आणि स्वतःला सांगा की नंतर जे आठवेल तेवढंच लिहायचं, बाकीचं सुटलं तर सुटू दे. खरंच सुटू द्या, चार गोष्टी आठवल्या तरी खूप झालं. आसनं चालू असताना मध्येच थांबून लिहायचं नाही, हा नियम मी स्वतःसाठी कडक ठेवलाय.

रोजच्या ओळी

सुरुवातीला पाच ओळींच्या पुढे जाऊ नका. वरती तारीख, वेळ, किती मिनिटं. मग काल रात्री झोप किती झाली आणि शेवटचं खाऊन किती तास झाले. ज्यांना पाळी येते त्यांनी पाळीचा कितवा दिवस तो आकडा पण टाका, तीन महिन्यांनी त्या एका आकड्यातून इतकं समजतं की विचारू नका, दर महिन्याला ठरावीक दिवसांत तोल जातो किंवा अंग जड होतं आणि आपण मात्र आळशी झालो म्हणून स्वतःला बोल लावत बसतो.

मग आसनांचं. सगळ्या आसनांची यादी लिहायची गरज नाही. ज्या दोन-तीन आसनांत काहीतरी जाणवलं तेवढंच. आणि इथे माझा एकच आग्रह आहे, निकाल लिहू नका, काय घडलं ते लिहा. "वृक्षासन वाईट झालं" हा निकाल झाला, त्यातून पुढच्या महिन्यात काहीही कळणार नाही. "डाव्या पायावर चौथ्या श्वासाला घोटा बाहेरच्या बाजूला कलला, नजर खिडकीकडे गेली होती" हे घडलेलं आहे, आणि यात उद्या काय करायचं तेही आलं, नजर एका जागी ठेवायची.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाची व्याख्या फक्त तीन शब्दांची आहे, स्थिरसुखमासनम्, दुसऱ्या पादातलं (म्हणजे प्रकरणातलं) ४६ वं सूत्र. मला हे लिहिण्यासाठी फार उपयोगी पडलं. प्रत्येक आसनाला दोन प्रश्न विचारायचे, स्थिर होतं का आणि सुख होतं का. काही आसनं स्थिर असतात पण सुख नसतं, दात आवळून धरलेली असतात. काहींत सुख असतं पण शरीर डुलत असतं. मी आसनाच्या नावापुढे नुसतं "स्थि" किंवा "सु" लिहिते, दोन्ही असेल तर दोन्ही, काहीच नसेल तर आडवी रेघ. दहा सेकंदांचं काम आहे.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते म्हणजे अंदाज येईल:

"मंगळवार. सकाळी ७.१०, उठून सव्वा तास. ३५ मि. झोप ५ तास, दोनदा जाग. पोट रिकामं. ताडासनात वजन सगळं उजव्या टाचेवर. वृक्षासन उजवा पाय ११ श्वास स्थि सु, डावा ४. पश्चिमोत्तान, डाव्या गुडघ्यामागे ओढ, बोटं नडगीच्या मधोमध, श्वास मध्येच अडकला तेव्हा थोडी वर आले. शवासनात जबडा आवळलेला सापडला, तीन वेळा सोडला तरी परत. सकाळपासून ऑफिसातल्या मीटिंगचं डोक्यात. कालचं: दोन्ही मांड्या भरून आल्यात, बसता-उठता जाणवतं."

शेवटची "कालचं" ही ओळ विसरू नका. नवीन व्यायामाने स्नायू दुखतात ते लगेच दुखत नाहीत, साधारण एक ते तीन दिवसांत ते दुखणं सगळ्यात जास्त असतं. म्हणजे गुरुवारी मांडी दुखतेय तर ती मंगळवारच्या वीरभद्रासनाची असू शकते, आणि आपण बिचाऱ्या बुधवारच्या आसनाला दोष देतो. रोज "कालचं" लिहिलं की हा गोंधळ सुटतो.

दुखण्याला त्याचं नाव द्या

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. "दुखलं" हा एकच शब्द वहीत वारंवार येत असेल तर ती वही उपयोगाची नाही. आणि आपल्या मराठीत तर दुखण्याला इतके शब्द आहेत की दुसरीकडे कुठे बघायची गरजच नाही, फक्त आपण ते घरात बोलताना वापरतो आणि लिहिताना विसरतो.

ओढ बसणं म्हणजे स्नायूच्या मधल्या जाड भागात ताण येतो, आसनातून बाहेर आलं की जातो. रग लागणं म्हणजे धरून धरून स्नायू थकला. भरून येणं म्हणजे दुसऱ्या दिवशी अंग जड, दाबलं की दुखतं. आखडणं, अवघडणं, हे बराच वेळ एका जागी बसल्याचं. गोळा येणं म्हणजे पोटरीत किंवा तळव्यात अचानक आवळून कडक होतं. हे सगळं साधारण चालण्यासारखं आहे, लिहा, थोडं कमी करा, पुढे जा.

आता दुसरा गट. चमक, म्हणजे एकदम वीज गेल्यासारखी एका रेषेत. उसण भरणं, पाठीत किंवा कमरेत, श्वाससुद्धा घेववत नाही. टोचणं किंवा सलणं, तेही सांध्याच्या आत, गुडघ्यात, खांद्यात, मनगटात बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी. मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा, हाताच्या बोटांपर्यंत उतरणारा. ठणका, म्हणजे आसन सोडल्यावरही रात्री ठणकत राहणं. यातला कुठलाही शब्द वहीत आला की ते आसन त्या दिवसापुरतं बंद, त्याला गोल करा, आणि परत आला तर आसन पूर्ण सोडून शिक्षकांना दाखवा. पायात खाली उतरणारी चमक किंवा बधिरपणा, छातीत दुखणं, चक्कर, एकाएकी नजर अंधुक होणं, यासाठी वही नाही, थेट डॉक्टर. पण जाताना वही बरोबर न्या, कधीपासून, किती वेळा, काय केल्यावर, हे डॉक्टर विचारतातच आणि तुमच्याकडे तारखा असतील.

मांडीच्या मागे ओढ बसते त्याचीसुद्धा जागा लिहा. मांडीच्या मधोमध बसली तर ठीक, पण अगदी वर बसायच्या हाडापाशी बारीक दुखत असेल तर ती स्नायू हाडाला जोडलेली जागा आहे, तिथे जोर लावून पुढे वाकत राहिलात तर ते महिनोन्महिने बरं होत नाही. मी एका क्लासमध्ये असताना "अजून थोडं, अजून थोडं" या नादात हे करून घेतलंय. वहीत "मागे ओढ" एवढंच लिहिलं होतं, जागा लिहिली असती तर तिसऱ्याच दिवशी थांबले असते.

श्वासाचं लिहिणं वेगळं असतं

प्राणायामाला आसनासारखं लिहिता येत नाही कारण दिसत काहीच नाही. इथेही सूत्रांतच एक मोजपट्टी आहे. दुसऱ्या पादातल्या पन्नासाव्या सूत्रात श्वास तीन गोष्टींनी बघायला सांगितलाय, देश, काल, संख्या. साध्या भाषेत मी ते असं लिहिते: श्वास कुठवर जाणवला (नाकाच्या टोकाशी, छातीत, पोटात, कमरेच्या मागे), आत किती आकडे आणि बाहेर किती, आणि अशी किती आवर्तनं झाली. उदाहरणार्थ, "अनुलोम-विलोम, ४ आत ६ बाहेर, ९ आवर्तनं, सातव्याला घाई व्हायला लागली, छातीच्या खाली पोचला नाही". ती सातव्याला झालेली घाई फार महत्त्वाची आहे, उद्या सहा आवर्तनं करून थांबायचं. घाई न होता सहा झाली तर त्यातच सगळं आलं.

कुठली नाकपुडी मोकळी होती ते पण टाका. आपल्या दोन्ही नाकपुड्या दर काही तासांनी आलटून-पालटून मोकळ्या-बंद होत असतात, रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं होतं आणि योगात तर चंद्रनाडी (डावी) आणि सूर्यनाडी (उजवी) म्हणून हे फार आधीपासून बोललं जातं. म्हणजे आज डावी बाजू चोंदलेली वाटली तर लगेच सर्दी झाली असं नाही. नवीन असताना श्वास रोखून धरायचे प्रकार स्वतःच्या मनाने करू नका आणि बीपी, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर कपालभाती, भस्त्रिका विचारल्याशिवाय नाही.

मनाचं लिहायचं का

लिहायचं, पण एक ओळ. आलात तेव्हा मन कसं होतं आणि उठलात तेव्हा कसं, दोन शब्द पुरतात, "चिडलेली, गप्प" किंवा "सुस्त, सुस्तच". काही फरक नाही पडला तर तसंच लिहा. योगा केल्यावर शांत वाटायलाच पाहिजे असा काही कायदा नाही आणि वहीत खोटं "शांत" लिहायला लागलात की पुढची सगळी पानं वाया.

कधी कधी शवासनात रडू येतं. घाबरू नका, बऱ्याच जणांना येतं. त्या दिवशी लिहावंसं वाटलं तर मोकळेपणाने लिहा पण पंधरा मिनिटांचा टायमर लावा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातल्या जड अनुभवांबद्दल लिहायला सांगितलं होतं, लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटलं पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. तो प्रयोग योगाचा नव्हता, पण त्यातून मी एवढं घेतलं की जड काही लिहिल्यावर तासभर उदास वाटणं हे ठीक आहे, त्यानंतर लगेच कामाला पळायचं असेल तर त्या दिवशी ते लिहू नये. आणि तेच तेच दुःख रोज उगाळलं जात असेल, झोप-भूक उडाली असेल तर ते वहीवर टाकू नका, माणसाशी बोला.

या लिहिण्याला हल्ली बरेच जण "स्वाध्याय" म्हणतात, म्हणजे स्वतःचा अभ्यास. ऐकायला गोड आहे, मलाही आवडतं, पण योगसूत्रांवरच्या जुन्या भाष्यात स्वाध्याय म्हणजे ओंकारासारख्या मंत्रांचा जप किंवा मोक्षशास्त्राचं वाचन, असं स्पष्ट दिलंय. म्हणून मी माझ्या वहीला वहीच म्हणते.

ज्या दिवशी केलंच नाही

त्या दिवशी पण तारीख टाका. "नाही केलं" आणि पुढे एक शब्द, का. सात दिवसांचा खड्डा पडला तर सात तारखा एकदम टाका आणि आठव्या दिवसापासून सुरू करा, जुनी पानं फाडून "नवीन सुरुवात" करू नका, त्या खड्ड्यातच तर खरी माहिती असते.

"का" साठी पतंजलींनी एक यादीच देऊन ठेवलीय, पहिल्या पादातलं तिसावं सूत्र, नऊ अडथळे. व्याधी, म्हणजे आजारपण. स्त्यान, मनाची मरगळ, करायचंय पण मन हलतच नाही. संशय, याने काही होतं का खरंच. प्रमाद, हलगर्जीपणा. आलस्य तर सगळ्यांना माहीत आहे. अविरती, दुसऱ्याच सुखाची ओढ, मालिकेचा अजून एक भाग बघायचा होता. भ्रांतिदर्शन, चुकीची समजूत, मला सगळं येतं किंवा हे असंच असतं. अलब्धभूमिकत्व, इतके दिवस करूनही पुढचं काही हाताला लागत नाही. आणि अनवस्थितत्व, म्हणजे हाताला लागलेलं टिकत नाही, गेल्या आठवड्यात जमत होतं ते आज गेलं.

ही यादी मी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलीय. पहिल्यांदा वापरली तेव्हा मला वाटलं होतं माझं सगळं "आलस्य" निघणार. महिन्याच्या शेवटी मोजलं तर आळस दोनदाच होता आणि "संशय" सहा वेळा, तेही बहुतेक वेळा इंटरनेटवर कोणाची तरी अवघड आसनं बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी. आळसावर उपाय वेगळा आणि संशयावर वेगळा. मी गजर अर्धा तास आधीचा लावत बसले होते, खरं तर ते व्हिडिओ बघणं बंद करायला हवं होतं.

त्याच्या पुढच्याच सूत्रात या अडथळ्यांबरोबर काय काय येतं ते सांगितलंय, दुःख, मनाचा हिरमोड, अंग थरथरणं, आणि श्वास विस्कळीत होणं. यातलं थरथरणं आणि श्वास तुम्हाला मॅटवर लगेच दिसतात, म्हणून ते दोन दिसले की लिहा, मनाचं नंतर आपोआप कळतं.

महिन्यातून एकदा वाचायला बसा

रोज मागचं वाचू नका. चार आठवडे झाले की एकदा निवांत अर्धा तास काढा, वेगळ्या रंगाचं पेन घ्या आणि जो शब्द परत परत येतो त्याखाली रेघ मारत जा. डावा, जबडा, घाई, कंबर, झोप. मग फक्त तीन-चार वेळा तरी आलेल्या शब्दांची वेळ, झोप, आदल्या दिवशी काय केलं होतं ते शेजारी ठेवून बघा. एक-दोनदा आलेल्या शब्दावरून निष्कर्ष काढू नका, तो योगायोग असू शकतो.

काहीतरी सापडलं की एकच बदल करा. एकच. पुढचे दोन आठवडे तो ठेवा आणि परत बघा. मी सुरुवातीला उत्साहात वेळ बदलली, क्रम बदलला, श्वासाचे आकडे बदलले, सगळं एकाच सोमवारी, आणि मग बरं वाटलं तर कशामुळे तेच कळेना.

फोटो काढायचे असतील तर महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी, बाजूने. रोज काढू नका, रोजचा फोटो बघितला की माणूस आसनाचं दिसणं सुधारायला लागतो आणि श्वास विसरतो.

वाचताना सगळं शुद्ध करायच्या, अक्षर सुधारायच्या, "हे असं नको होतं लिहायला" म्हणून खोडायच्या मागे लागू नका. शिक्षक असतील तर रेघा मारलेले शब्द त्यांना वाचून दाखवा, अख्खी वही द्यायची गरज नाही. नुसतं "माझं काहीतरी चुकतंय" म्हणण्यापेक्षा "गेल्या महिन्यात सहा वेळा डाव्या पायावर घोटा बाहेर कलला" असं सांगितलं तर त्यांना काय बघायचं ते लगेच कळतं.

वही भरली की

नवीन वहीच्या पहिल्या पानावर जुन्या वहीतून फक्त एवढंच उतरवा: गोल केलेली आसनं आणि ती का बंद आहेत, तुम्हाला लागू पडलेले बदल (माझ्याकडे पहिलाच आहे, "उठल्यावर तासभर पुढे वाकायचं नाही"), आणि सध्याचं श्वासाचं माप. मग ते चार आकडे परत मोजा, वृक्षासन दोन्ही बाजू, मांडी घालून बसणं, हात कुठवर, मिनिटाला श्वास, जुने आकडे शेजारी लिहा, आणि त्याखाली आजची तारीख टाकून रोजच्यासारखं सुरू करा.